अकस्मात मृत्यूची नोंद

वाढदिवसाच्या केकवर मधोमध एक मेणबत्ती लावतात. साधी नाही, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवणारी. ती पेटली की सगळ्यांचे मोबाइल वर जातात, कुणीतरी बेसूर गाणं सुरू करतं आणि अर्ध्या मिनिटात खेळ खलास. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात नेमक्या याच मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडला आग लागली. आत काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. त्या दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला. पुढे उपचार सुरू असताना हा आकडा वाढत गेला. शेडकडे परवानगी नव्हती, हे नंतर समजलं.

अशा बातम्यांमध्ये बऱ्याच गोष्टी नंतरच समजतात. बाहेर पडायचा रस्ता एकच होता, हे नंतर समजतं. आत नेमकी किती माणसं होती, हे तर कधीकधी शेवटपर्यंत समजत नाही. आणि एकट्यादुकट्या मजुराचा मृत्यू असेल तर आतल्या पानावर चार ओळी येतात. त्यातली शेवटची ओळ ठरलेली असते : ‘पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे.’

हा ‘अकस्मात’ शब्द जरा तपासून बघायला हवा. कारण ज्या गोष्टी ठरावीक ठिकाणी, ठरावीक पद्धतीनं, दर वर्षी घडतात त्यांना अकस्मात कसं म्हणायचं?

‘जगातली सर्वात धोकादायक कामं’ अशा नावाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यात खवळलेल्या समुद्रातले मच्छीमार असतात, जंगलातले लाकूडतोडे असतात, उंच छपरांवर चढणारे कामगार असतात. ही यादी बहुतेक वेळा अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीतून आलेली असते आणि ती खोटी नाही. तिथे २०२३ मध्ये कामावर असताना ५,२८३ लोकांचा मृत्यू झाला. म्हणजे एक लाख कामगारांमागे साधारण साडेतीन. लाकूडतोड्यांचा दर मात्र लाखामागे ९९ च्या आसपास, म्हणजे दर हजारात जवळपास एक माणूस दर वर्षी. पण एकूण आकडा पाहिला तर सर्वात जास्त माणसं ड्रायव्हिंग आणि बांधकामात जातात, कारण ती कामं करणारेच जास्त. धोका ‘दरा’नं मोजायचा की ‘संख्ये’नं, यावर यादी बदलते. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्याच युनिटमध्ये येणारी गोष्ट आहे ही.

मला त्या यादीपेक्षा ती कशी बनते हे जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे प्रत्येक मृत्यूसाठी मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, विम्याची कागदपत्रं, बातम्या असं सगळं गोळा करतात आणि किमान दोन वेगवेगळ्या कागदांवरून खात्री पटली की तो मृत्यू कामावरचा म्हणून धरतात. माणूस कंपनीचा होता, ठेकेदाराचा होता की स्वतःचाच मालक होता, यानं फरक पडत नाही. काम करताना मेला ना, मग मोजा.

आता आपल्याकडची यादी मागून बघा. अशी एकच यादी मिळत नाही.

कुणाला मोजतात?

आपल्याकडे खाणीतले अपघात धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे नोंदले जातात. नोंदणीकृत कारखान्यांतले मृत्यू राज्यांच्या कारखाना निरीक्षकांकडून केंद्राच्या एका संस्थेकडे जातात. या दुसऱ्या आकडेवारीनुसार २०१७ ते २०२० या काळात देशात दर वर्षी सरासरी १,१०९ कामगार कारखान्यांत मरण पावले. दिवसाला तीन. हा आकडा ऐकून आपण हादरतो, पण खरी मेख ‘नोंदणीकृत’ या शब्दात आहे. तळवड्यासारखी शेड कागदावर कारखाना नसतेच, मग तिच्यातला मृत्यू ‘कारखान्यातला मृत्यू’ म्हणून त्या वाटेनं वर जाणार कसा?

शिवाय कारखाना कशाला म्हणायचं, ही रेषाही हलते. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना, बिनविजेच्या ठिकाणी २०. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हेच आकडे २० आणि ४० झाले आहेत. संहितेत चांगल्या गोष्टीही आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र देणं बंधनकारक झालं. कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमायची अट पूर्वी साधारणपणे १,००० कामगारांवर होती, ती ५०० वर आली आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. मोठ्या कारखान्यातल्या माणसासाठी हे बरंच आहे. पण पत्र्याच्या शेडमध्ये बारा-पंधरा जणी दारू भरत बसल्या असतील, तर त्यांच्यापासून सुरक्षा अधिकारी पूर्वीही लांब होता, आताही लांबच आहे.

नोंदणी झालेल्या कारखान्यांतही सगळं आलबेल नसतं. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातल्या उरवड्याला जून २०२१ मध्ये एका रसायन कंपनीच्या आगीत १७ जण गेले, त्यातही बायकाच जास्त. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, आठ वर्षांनी मे २०२४ मध्ये त्याच एमआयडीसीत दुसऱ्या कंपनीत पुन्हा झाला. तेलंगणात संगारेड्डी जिल्ह्यातल्या पाशमैलारमला ३० जून २०२५ रोजी औषध उद्योगासाठी माल बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक कामगार गेले. काहींचे अवशेषही सापडले नाहीत. तिथे बनत होती ती गोळ्यांमध्ये भर म्हणून घालतात ती सेल्युलोजची पांढरी भुकटी. दिसायला निरुपद्रवी. पण अशी कोणतीही बारीक सेंद्रिय भुकटी हवेत योग्य प्रमाणात पसरली आणि एक ठिणगी मिळाली, तर ती स्फोटकासारखीच वागते. पिठाच्या गिरण्यांमध्येही असे स्फोट झालेले आहेत.

तो पडला कसा?

बांधकामाची गोष्ट आणखी अवघड. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारं अवाढव्य यंत्र कोसळलं आणि २० जण ठार झाले. देशभर बातमी झाली, सरकारी मदत जाहीर झाली. पण बांधकामावरचे बहुतेक मृत्यू असे वीस-वीसच्या संख्येनं होतच नाहीत. एक मजूर परांचीवरून पडतो. एक जण लिफ्टसाठी ठेवलेल्या उघड्या खड्ड्यात जातो. एकाला ओल्या फरशीवरून ओढलेल्या वायरचा शॉक बसतो. एकेकटे जातात, म्हणून बातमी होत नाही.

आणि आकड्यांत ते कुठे जातात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग अपघाती मृत्यूंचा जाड अहवाल काढतो. त्यात ‘उंचीवरून पडणं’ आहे, ‘विजेचा धक्का’ आहे, ‘बांधकाम कोसळणं’ आहे. पडलेला माणूस घरच्या गच्चीवर पतंग उडवत होता की अकराव्या मजल्यावर प्लास्टर करत होता, हे त्या रकान्यातून कळत नाही.

खरं तर बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा आला, कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो. पैसा आहे. पण मंडळाचा लाभ मिळायला नोंदणी लागते, नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि लेबर नाक्यावर रोज नव्या मुकादमाबरोबर जाणाऱ्या माणसाला हा दाखला द्यायचा कुणी?

टाकीत आधी कोण उतरलं?

एका प्रकाराबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण त्यात विज्ञान अकरावी-बारावीचं आहे आणि मृत्यू जवळजवळ शंभर टक्के टाळता येण्यासारखे आहेत. ९ मार्च २०२५ रोजी मुंबईत नागपाड्याला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून गेले. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या एका मोठ्या वसाहतीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार जण गेले.

गटारात विषारी वायू असतो हे आपल्याला ऐकून माहीत असतं. सडणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हेही लॅबमध्ये घेतलेलं असतं. पण त्याचं प्रमाण वाढलं की वास ओळखणारी नसच बधिर होते. म्हणजे वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, तेव्हाच धोका सर्वात मोठा असतो.

पण साध्या पाण्याच्या टाकीत काय असतं? काहीच नसतं, आणि अडचण तीच आहे. नव्या टाकीत सेंट्रिंगच्या फळ्या राहिलेल्या असतात. त्या ओलाव्यात कुजतात, लोखंड गंजतं आणि या दोन्ही क्रिया बंद जागेतला ऑक्सिजन खातात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली तो गेला की ती जागा असुरक्षित मानतात. दहाच्या खाली गेला तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही, शिडीवरच शुद्ध हरपते.

मग दुसरा उतरतो. पहिल्याला वाचवायला. मग तिसरा. एका टाकीत चार-चार जण का जातात, याचं उत्तर हे आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेनं १९८६ मध्येच इशारा दिला होता की अशा बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले असतात. दोस्तीनं, माणुसकीनं जीव जातो. उपाय रॉकेट सायन्स नाही : उतरण्याआधी झाकण उघडून पंख्यानं हवा खेळवायची, वायू मोजणारं छोटं यंत्र दोरीनं खाली सोडायचं, उतरणाऱ्याला पट्टा आणि दोर बांधून वर एक माणूस ठेवायचा, म्हणजे ओढून काढता येतं, कुणाला उतरावं लागत नाही. ते यंत्र मध्यम किमतीच्या मोबाइलएवढ्या पैशांत येतं.

गटाराच्या बाबतीत तर हा नुसता यंत्राचाही प्रश्न नाही. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणंही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरी २०२१ मध्ये राज्यसभेत केंद्र सरकारचं उत्तर काय होतं? हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. कारण सरकारच्या व्याख्येत ते वेगळं, आणि ‘गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई’ वेगळी. मृत्यू दुसऱ्या रकान्यात होते. पहिला रकाना स्वच्छ. कोणत्या जातीतली माणसं या कामावर पिढ्यान्‌पिढ्या पाठवली जातात, हे माहीत असलेल्या देशात या रकान्यांच्या खेळाचा राग यायला हवा.

सातबारा आहे का?

शेती हा आपल्याला धोक्याचा व्यवसाय वाटतच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्याही वर वाढली होती, पंपाचा दाब जास्त होता, फवारा अंगावर येत होता. हातमोजे, मास्क यांच्या नावानं शून्य. आणि साप? देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार लोक सर्पदंशानं मेल्याचा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. बहुतेक ग्रामीण भागात, बरेचसे पावसाळ्यात, म्हणजे ऐन शेतीच्या कामात. यातला प्रत्येक मृत्यू कामावरचा नसेल, पण दहातला एक धरला तरी तो आकडा कारखान्यांच्या ‘दिवसाला तीन’च्या कितीतरी पुढे जातो. शेतमजुराची हजेरी कुठेच लागत नाही, त्यामुळे तो कामावर होता हे सिद्धच होत नाही.

आपल्या राज्यात शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये देणारी योजना आहे. साप, वीज, विजेचा शॉक सगळं त्यात बसतं. फक्त ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या मजुराला साप चावला तर तो या योजनेत बसत नाही.

रस्त्यावरही हाच प्रकार. रात्री साडेअकराला बिर्याणी घेऊन येणारा मुलगा कदाचित तुमच्याच कॉलेजचा असतो. रस्ते अपघातांच्या सरकारी अहवालात तो ‘दुचाकीस्वार’. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार लोक मेले, त्यात सर्वात मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा. त्यातले किती जण ड्युटीवर होते, हे सांगणारा रकाना नाही. ॲपच्या भाषेत तो ‘पार्टनर’. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द पहिल्यांदा आला, त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे आहेत. पण कर्मचाऱ्याला अपघातानंतर मालकाकडून भरपाई मागायचा जो हक्क असतो, तो या पार्टनरला त्या संहितेतही नाही.

हक्क आणि अनुग्रह

मुंबईत १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं होतं. त्यातली आठवड्याच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत असते, रविवारची सुट्टी म्हटलं की लोखंड्यांचं नाव येतं. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. सुट्टी १८९० मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं.

या कायद्यानं हिशोब कसा ठरवला ते बघा. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं. वय जितकं कमी तितका गुणक मोठा. २२ वर्षांच्या मुलासाठी तो २२१.३७ आहे. पगार कितीही असला तरी १५ हजारच धरायचा. म्हणजे साडेसात हजार गुणिले २२१.३७ : सुमारे १६ लाख ६० हजार रुपये. एका आयुष्याची किंमत वगैरे बोलायला नको. पण एवढी रक्कम हक्काची आहे, हे किती घरांना माहीत असतं? दुर्घटना झाली की मंत्री पाच लाख जाहीर करतात, त्याला ‘सानुग्रह’ म्हणतात, म्हणजे मेहेरबानी. आणि ठेकेदार दहाव्याच्या आत लाख-दोन लाख घरी आणून देतो, एका कागदावर सही घेतो, प्रकरण मिटतं. कायदा मात्र सांगतो की मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. परस्पर घरी दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, आणि त्या कागदावर सही केली म्हणून हक्क जात नाही. महिन्याच्या आत पैसे जमा झाले नाहीत तर १२ टक्के व्याज. नव्या संहितेतही हिशोबाची ही पद्धत राहिली आहे, आणि घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध असेल तर, धरायची तरतूद आली आहे.

हे सगळं तुम्ही का वाचायचं? तुमच्यातले काही डिप्लोमा, आयटीआय, इंजिनीअरिंगनंतर अप्रेंटिस म्हणून एमआयडीसीत जाणार आहात. अप्रेंटिस कायद्याखाली करार झाला असेल तर कारखान्याचे सुरक्षेचे नियम तुम्हाला कामगारासारखेच लागू होतात आणि अपघात झाला तर भरपाईही मिळते. पण ‘इंटर्न’ म्हणून, ‘अनुभव मिळेल’ म्हणून, कुणाच्या तरी ओळखीनं, कागदाशिवाय उभे राहिलात तर काही झाल्यावर तुम्ही तिथे होतात हे सिद्ध करण्यापासून सुरुवात होते. म्हणून पहिल्या दिवशी करार मागा, त्याची प्रत घरी ठेवा, हजेरीपटावर नाव आहे का ते बघा. मशीन दाखवायला घेऊन जाणाऱ्याला विचारा, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे आणि तो आत्ता उघडा आहे का. त्याला कदाचित हसू येईल. तुम्ही तेवढ्यात जाऊन दरवाजा ढकलून बघा.